सर्वशक्तिमान सम्राटाला काय जमत नाही?

ब्रिटनमधल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ हे खेळाचं पुस्तक काढलं. टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या या युद्धखेळासाठी रिक प्रिस्टली यांनी अडतीस हजार वर्षांनंतरचं एक मानवी साम्राज्य रचलं आणि त्याच्या शिखरावर एक सम्राट बसवला. दहा हजार वर्षं तो सुवर्णसिंहासनावर निश्चल आहे, त्याचं शरीर कुजलेलं आहे आणि त्याला टिकवण्यासाठी रोज हजार जिवांचा बळी जातो. लाखो ग्रहांवर त्याची पूजा होते. त्याच्या नावाने करवसुली होते, युद्धं होतात, माणसं जाळली जातात. यातलं एकही काम थांबवणं त्याच्या हातात नाही.

पुढच्या सदतीस वर्षांत या सम्राटाच्या सामर्थ्याच्या सीमा इतक्या वेळा हलल्या, की त्यांचा माग काढणं हाच चाहत्यांचा एक उद्योग झाला. १९८७ मध्ये मात्र गोंधळ नव्हता. सम्राट देव आहे की प्रेत, हे ठरवायची गरजच पडत नव्हती, कारण राज्य त्याच्या नावावर चालत होतं. त्याचं सामर्थ्य त्याच्या भक्तांच्या तोंडी होतं आणि त्याची हतबलता वाचकाला दिसत होती.

हे चित्र बदललं ते एका व्यावहारिक अडचणीमुळे. १९८८ मध्ये जर्विस जॉन्सन यांच्या ‘अडेप्टस टायटॅनिकस’ या खेळात महाकाय यंत्रयोद्ध्यांची लढाई होती. पेटीत दोन्ही बाजूंना सारखेच यंत्रयोद्धे द्यायचे होते. शत्रूसाठी वेगळे साचे नव्हते. मग एकाच सैन्याचे दोन तट पाडणारं यादवी युद्ध कल्पिलं गेलं. सम्राटाचा लाडका पुत्र होरस बंड करतो, ही ‘होरस हेरसी’ची कथा अशी जन्माला आली. त्या बंडाने सम्राटाला भूतकाळ दिला आणि त्याबरोबर एक अवघड प्रश्नही: एवढं सामर्थ्य असलेल्या बापाला पोराच्या मनातलं कसं कळलं नाही?

१९९० च्या ‘द लॉस्ट अँड द डॅम्ड’ने त्याला आणखी उंच नेलं. प्राचीन काळातल्या सगळ्या शामनांनी एकत्र प्राणत्याग केला आणि त्यांचे आत्मे अनातोलियातल्या एका बाळात एकवटले, अशी त्याची जन्मकथा आली. अशा माणसाने घडवलेले वीस पुत्र मात्र हिमालयाखालच्या त्याच्याच प्रयोगशाळेतून त्याच्या शत्रू असलेल्या केऑस देवता पळवून नेतात. जन्मकथेत अफाट आणि घरच्या पहाऱ्यात कमकुवत, ही विसंगती तिथूनच कथेत रुजली.

होरसशी झालेल्या अखेरच्या द्वंद्वाची गोष्ट या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. सम्राट सुरुवातीला पूर्ण ताकदीने वार करत नाही, कारण समोर मुलगा आहे. तेवढ्यात कुणीतरी एकटा माणूस मध्ये पडतो आणि होरस त्याला क्षणात चिरडतो. ती क्रूरता पाहिल्यावर सम्राटाच्या मनातली शेवटची माया तुटते. हा मध्ये पडणारा माणूस वेगवेगळ्या आवृत्त्यांत बदलत गेला: कधी ओलॅनियस पायस नावाचा साधा शिपाई, कधी भारी चिलखतातला योद्धा, कधी सम्राटाचा अंगरक्षक आणि अलीकडे ओलॅनियस पर्सन हा हजारो वर्षं जगलेला अमर माणूस. तपशील जुळत नाहीत, म्हणून चाहते वर्षानुवर्षं भांडले. तरी प्रसंगाचा कणा शाबूत राहिला. सम्राटाचा हात अडवणारी गोष्ट माया होती, शक्तीची कमतरता नव्हती.

२००६ मध्ये डॅन ॲबनेट यांच्या ‘होरस रायझिंग’ने याच बंडाची कादंबरीमाला सुरू झाली आणि २०१९ पर्यंत तिचे ५४ भाग आले. लेखक अनेक होते, त्यामुळे सम्राटही अनेक झाले. एका ठिकाणी बंडाची चाहूल त्याला लागत नाही. ग्रॅहम मॅकनील यांच्या ‘द आउटकास्ट डेड’मध्ये (२०११) मात्र स्वतःचा शेवट त्याला ठाऊक आहे. आधी सिंहासन जखमी सम्राटाला जगवण्याचं यंत्र होतं. आता त्याला जखमेआधीचं कामही मिळालं: पुत्र मॅग्नसने मंत्रबळाने फोडलेलं, ग्रहांना जोडणाऱ्या भुयारी जाळ्याचं दार सम्राट त्यावर बसून रोखून धरतो आणि म्हणून त्याला युद्धावर जाता येत नाही.

आपल्याकडच्या वरदानाच्या कथांत मर्यादा आधी जाहीर होते. हिरण्यकशिपूला कशाने मरण नाही, ते ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं आणि कथा उरलेल्या फटीतून वाट काढते. या सम्राटाची फट मात्र दर कादंबरीला नव्याने पाडावी लागली. वाचकाला खटकतं ते हेच. दुबळा देव आम्हाला चालतो. लेखकाच्या सोयीने दुबळा होणारा देव पचत नाही.

मालिकेतली सर्वांत मोलाची मर्यादा एका लघुकथेत आहे. मॅकनील यांच्या ‘द लास्ट चर्च’मध्ये (२००९) सम्राट वेश पालटून पृथ्वीवरच्या शेवटच्या चर्चमध्ये येतो आणि युरिया नावाच्या म्हाताऱ्या धर्मगुरूशी रात्रभर वाद घालतो. धर्म माणसाला आंधळा करतो, हे त्याला पटवायचं आहे. ग्रह जिंकणाऱ्या त्या सम्राटाला एका थकलेल्या म्हाताऱ्याचं मन वळवता येत नाही. बाहेर सैनिक चर्च पेटवायला उभे असतात आणि युरिया आपण होऊन जळत्या चर्चमध्ये परत जातो. इथे सम्राटाचं बळ कुठेही कमी दाखवलेलं नाही. मतं जाळून टाकता येतात, पटवून देता येत नाहीत, एवढंच त्या रात्री उघडं पडतं. याच माणसाची पुढे देव म्हणून पूजा होणार आहे, हे वाचकाला ठाऊक असल्याने ती हार आणखी खोल जाते.

ॲरन डेम्ब्स्की-बाउडन यांनी ‘द मास्टर ऑफ मॅनकाइंड’मध्ये (२०१६) विसंगतीलाच कथेत जागा दिली. प्रत्येकाला सम्राट वेगळा दिसतो, त्याचा शब्द वेगळा ऐकू येतो. इयन वॉटसन यांनीही १९९० च्या ‘इन्क्विझिटर’मध्ये सिंहासनावरचं मन अनेक तुकड्यांत विखुरलेलं दाखवलं होतं. ही युक्ती सुंदर आहे, तरी पुरेशी नाही. पाहणाऱ्यागणिक रूप बदललं तरी आतल्या माणसाला दार रोखून धरण्याचे कष्ट चुकत नाहीत, आणि कादंबरीला वजन येतं ते त्या कष्टांमुळे.

गाय हेली यांच्या ‘गॉडब्लाइट’मध्ये (२०२१) सिंहासनावरचा सम्राट पुत्र गिलिमनच्या देहातून प्रकटतो आणि रोगदेवतेची बाग पेटवतो. प्रसंग थरारक आहे, पण १९८७ ची हतबलता तिथे पातळ होते. ॲबनेट यांच्या तीन खंडांच्या ‘द एंड अँड द डेथ’ने (२०२३-२४) तोल पुन्हा सावरला. तिथे सम्राट एवढी शक्ती खेचून घेतो, की तो स्वतःच एक भयंकर देवता होऊ लागतो. जुना सोबती ओलॅनियस त्याला अडवतो आणि सम्राट ती शक्ती टाकून देतो. त्याला देव होता येत होतं. झाला असता तर ज्या माणसांसाठी लढला, त्यांच्यातला उरला नसता.

सदतीस वर्षांच्या या प्रवासात सम्राटाला काय दिसतं, तो किती जोराने मारतो, त्याचा आवाज कुठवर पोचतो, याची उत्तरं बदलत राहिली आणि यापुढेही बदलतील. किमतीची मर्यादा मात्र चांगल्या लेखकांनी कधी सोडली नाही: रोजचे हजार जीव, मुलावर न उठलेला हात, जळत्या चर्चमधला म्हातारा, टाकून दिलेलं देवपण. पुढे लिहिणाऱ्यांनी त्याला हवं तेवढं बळ द्यावं. फक्त ते कुणाच्या जिवावर आलं, हे त्याच प्रसंगात सांगावं. तेवढं पाळलं, तर बाकीच्या विसंगती आम्ही वाचक आनंदाने पोटात घालू.