बेसची तार किती जोरात छेडावी?

बेस म्हणजे बँडचा पाया आणि पाया म्हटलं की दणका हवाच, अशी समजूत बेस गिटार हातात घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात असते. तालमीच्या खोलीत ड्रम सुरू झाले की बोटं तारांवर तुटून पडतात. तासाभरात मनगट भरून येतं, तर्जनीला फोड येतो, आणि तरीही कुणीतरी म्हणतंच, "बेस ऐकू येत नाहीये रे!"

गैरसमज : जितकं जोरात छेडावं तितका आवाज मोठा

हे थोड्या अंतरापर्यंतच खरं आहे. पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं; बेसची तार त्यावर जितक्या वेगाने हलेल तितका विजेचा संकेत मोठा. पण तार आणि फ्रेट यांच्यात जागा किती? नीट लावलेल्या बेसवर बाराव्या फ्रेटपाशी साधारण दोन-अडीच मिलिमीटर. तार याहून मोठी झेप घेऊ लागली की फ्रेटवर आपटते आणि तुम्ही लावलेला जादा जोर खडखडाटात खर्च होतो. सुराच्या सुरुवातीला एक मोठा ठोका उमटतो, मागून येणारा सूर मात्र लवकर विझतो. तो ठोका मशीनला झेपत नाही म्हणून साउंडवाला तुमची पातळी खाली ओढतो. मेहनत तुमची, आणि श्रोत्याला ऐकू येतो तो आधीपेक्षा बारीक बेस.

शिवाय सूरही बिघडतो. जोरात ओढलेली तार पहिल्या क्षणी जास्त ताणली जाते, त्यामुळे स्वर किंचित चढा लागतो आणि मग खाली उतरून स्थिरावतो. सैल, जाड अशा खालच्या ई तारेवर हे ट्यूनरच्या काट्यावर सहज दिसतं. तंबोऱ्याच्या तारेवर बोट आदळलं तर गुरुजी का रागावतात, त्यामागे बरंचसं हेच कारण आहे.

तार कोणत्या दिशेला सोडता यावरही खूप अवलंबून असतं. बोट तारेखाली अडकवून ती वर उपटली तर ती परत येताना थेट फ्रेटवर आदळते. तेच बोट तार ओलांडून शेजारच्या तारेवर जाऊन टेकलं, तर तितक्याच जोरात भरीव सूर मिळतो.

ही दणक्याची सवय आली कुठून? उभ्या डबल बेसकडून. त्याला आवाज द्यायचा तो लाकडी पोटाने आणि वादकाच्या बोटांनी. वाद्यवृंदात ऐकू यायचं तर तार ओढावीच लागे. लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्यात मोठेपणाचं काम ॲम्पकडे गेलं. ते काम पुन्हा बोटांवर लादण्यात काही अर्थ नाही.

गैरसमज : मोठे बेसवादक तर जोरातच वाजवतात

इथे पहिलं नाव निघतं ते डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या जेम्स जेमरसन यांचं. त्यांचा सूर जाडजूड, हे खरं. पण त्यांचं वाद्य पाहा. ते मूळचे डबल बेसवादक. तिथली सवय घेऊन ते प्रामुख्याने एकाच तर्जनीने वाजवत. त्या बोटाला 'हुक' असंच नाव पडलं होतं. १९६२चा प्रिसिजन बेस, त्यावर जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या तारा, तुटल्याशिवाय न बदललेल्या, आणि फ्रेटपासून उंच. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. अशा वाद्यावर भक्कम बोट हवंच, आणि तारा उंच असल्याने ते चालूनही जातं. आपल्या खाली बसवलेल्या, पातळ तारांच्या बेसवर तोच जोर लावला तर जेमरसन मिळत नाहीत, भांडी पडल्याचा आवाज मिळतो.

आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस यांची गोष्ट वेगळी. तारा फ्रेटवर आपटून येणारा तो टणटणाट त्यांना हवाच असतो. दोन गिटारांच्या (आता तीन) गर्दीतून तोच बेसला पुढे आणतो. म्हणजे त्यांच्यासाठी जोर हा आवाजाचा रंग आहे. दुसऱ्या टोकाला गॅरी विलिस. त्यांनी तर तारांखाली लाकडाची पट्टी बसवून घेतली, बोट खोल जाऊच नये म्हणून. हलकं छेडा आणि ॲम्प वाढवा, ही त्यांची शिकवण. जेको पास्टोरियस यांचा तो गुरगुरणारा सूर बराचसा जागेतून येतो: ब्रिजजवळ तार कडक लागते आणि तिथे वरचे अंश जास्त उमटतात. नेककडे सरकलात की तोच स्पर्श गोल, मऊ होतो. सूर बदलायचा असेल तर आधी हात सरकवून पाहावा, जोर नंतर.

गैरसमज : ऐकू येत नाही, म्हणजे बोटं कमी पडतात

बेसची खालची ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या आवाजाला आपला कान फारसा दाद देत नाही. गर्दीत बेस ओळखू येतो तो त्याच्या वरच्या अंशांमुळे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१चा सूर बाहेरच पडत नाही, तरी आपल्याला बेस 'ऐकू' येतो, कारण वरच्या अंशांवरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो. तेव्हा ॲम्पवर बेसचं बटण पिळण्यापेक्षा मिडचं थोडं वाढवा. ॲम्प तुमच्या पोटऱ्यांवर आवाज फेकत असेल तर तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा.

एक चूक मात्र फ्लॅटमध्ये राहणारे जवळपास सगळेच करतात. शेजारी झोपलेत म्हणून ॲम्पविना सराव. नुसत्या बेसचा आवाज इतका क्षीण असतो की स्वतःला ऐकण्यासाठी बोट दुप्पट जोर लावतं, आणि तीच सवय रंगमंचावर येते. हेडफोनचा छोटा ॲम्प यावर सर्वांत स्वस्त औषध आहे.

गैरसमज : मग हळू वाजवलं की झालं

नाही. फार हलका स्पर्श असमान लागतो, सूर पोकळ येतो, आणि ॲम्प वाढवला की बोटांची सरसर व ॲम्पची गुणगुण दोन्ही वाढतात. हलकं वाजवणाऱ्याला दुसऱ्या हाताने शेजारच्या तारा दाबून ठेवण्याची शिस्त जास्तच लागते.

मधल्या स्पर्शाला बँडमध्ये नीट ऐकू येईल इतका ॲम्प लावावा. म्हणजे खाली हळुवार ओळीसाठी जागा राहते आणि वर एखाद्या ठोक्यासाठी. सगळं गाणं पूर्ण जोरात वाजवणाऱ्याकडे शेवटच्या कडव्यासाठी काहीच उरत नाही. आणि मनगट किंवा कोपराखालचा भाग दुखत असेल तर तो रियाजाचा पुरावा समजू नका; थांबा, जोर कमी करा, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.