कानाचे माप आणि खिशाचे माप

शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा दुकानातील तयार सदऱ्यापेक्षा अंगाला नीट बसतो, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सदरा नीट बसला म्हणून त्याचे कापड उंची ठरत नाही, ही साधी गोष्ट खरेदीच्या भरात पुष्कळदा विसरली जाते. संगीताच्या शौकिनांमध्ये कुतूहलाचा विषय झालेल्या, कानाच्या मापाने घडविलेल्या ईअरफोनबाबत नेमकी हीच गफलत होताना दिसते. या ईअरफोनची किंमत काही लाखांपर्यंत जाऊ शकते. स्वस्तातली जोडीही एखाद्या कारकुनाच्या पगाराला मोठे भगदाड पाडते. तेव्हा या मापाने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब शांतपणे मांडला पाहिजे.

ही वस्तू मुळात श्रोत्यांसाठी जन्मलेली नाही. ती जन्मली रंगमंचावरील कोलाहलातून. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या कार्यक्रमात गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले ध्वनिवर्धक रंगमंचावर ठेवले जात. त्यांनाच 'मॉनिटर' म्हणतात. ड्रमच्या गडगडाटावर मात करण्यासाठी मॉनिटरचा आवाज वाढवायचा, आणि मग त्या आवाजातून वर येण्यासाठी वादकांनी आणखी जोर लावायचा, असे ते दुष्टचक्र होते. त्यात वादकांच्या कानांची हानी होई. मॉनिटर थेट कानातच बसविण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. परंतु त्याला व्यापारी रूप देण्यात 'व्हॅन हेलन' या अमेरिकन वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांचा वाटा मोठा आहे. वृंदातील ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीतून १९९५ साली 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. कानात बाहेरचा गोंगाट शिरू द्यायचा नाही, म्हणजे हवा तो आवाज हलका ठेवूनही स्पष्ट ऐकू येईल, हे या साऱ्या खटाटोपाचे मूळ सूत्र होते. पुढील सर्व विवेचनात हे सूत्र ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

कानाचे माप घेण्याची कला श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातून आलेली आहे. १९८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या, अली यावर जंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेत जे श्रवणतज्ज्ञ शिकून तयार होतात, त्यांच्या नित्याच्या कामांपैकीच हे एक काम आहे. प्रथम कानात मळ साचलेला नाही ना, पडद्याला इजा नाही ना, हे पाहिले जाते. मग पडद्याच्या रक्षणासाठी दोरा बांधलेला लहानसा बोळा आत खोलवर बसवून कानात मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाच्या वळणांचा हुबेहूब ठसा बाहेर येतो. या ठशावरून सामान्यतः अ‍ॅक्रिलिकचे कवच तयार होते. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार किंचित बदलतो. म्हणून ठसा घेताना दातांमध्ये ठोकळा धरून तोंड उघडे ठेवावयास सांगतात. गाणाऱ्याच्या बाबतीत तर ही दक्षता हवीच. ठसा चुकला तर पुढील सारी कारागिरी वाया जाते. म्हणूनच उत्पादकाच्या नावाची चौकशी करणाऱ्याने ठसा घेणाऱ्या हाताची चौकशी त्याहून अधिक करावी.

आता मुख्य प्रश्न. मापाच्या ईअरफोनचे गुण दोन प्रकारचे असतात: एक बसण्याचा, दुसरा ध्वनीचा. कान नीट बंद झाला नाही तर खर्जाचा आवाज निसटतो आणि संगीत पोकळ वाटू लागते. कान नीट बंद झाला तर खर्ज टिकतो आणि बाहेरचा गोंगाट सुमारे पंचवीस डेसिबलांपर्यंत कमी होऊ शकतो. हा लाभ खरा आहे आणि त्याचे श्रेय मापाला आहे. परंतु तंबोऱ्याचा झंकार किती नैसर्गिक वाटेल, गायिकेचा तार षड्ज टोचेल की खुलेल, हे मुख्यतः आतल्या यंत्रणेच्या जुळणीवर अवलंबून असते. उघड्या कानाची नळी तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर आपोआप उठावदार करते. ईअरफोनने नळी बंद होताच हा निसर्गदत्त उठाव बदलतो आणि यंत्रणेला तो भरून काढावा लागतो. ही जुळणी ज्याला साधली त्याचा ईअरफोन गोड वाजतो. मग त्यात आवाज निर्माण करणारा घटक, म्हणजे 'ड्रायव्हर', एक असो की दहा. जाहिरातीत ड्रायव्हरची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. परंतु भटारखान्यात आचारी दहा असले म्हणून वरणाला चव येतेच असे नाही.

किंमत हीही गुणवत्तेची हमी नव्हे. २०१७ साली संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन व ईअरफोनांची मोजमापे प्रसिद्ध केली. कोणत्या पट्टीतील स्वर किती जोराने वाजतो, या मोजमापाचा विक्रीच्या किमतीशी संबंध आढळला नाही. या अभ्यासाने कारागिरी, टिकाऊपणा वा मापाचा आराम मोजलेला नाही, हे खरे. परंतु 'महाग म्हणजे मधुर' या समजुतीचा पाया त्यामुळे नक्कीच खचला आहे.

मग तुलना करावी कशी? मापाची वस्तू घेण्यापूर्वी पारखता येत नाही, हीच खरी अडचण आहे. दुकानात कानाला लावून पाहावयास मिळतो तो त्याच यंत्रणेचा, पण सर्वसाधारण आकाराचा नमुना; स्वतःच्या कानातली जोडी त्याहून थोडी निराळी वाजू शकते. कवळीप्रमाणे ही वस्तूही एकाच्याच उपयोगाची असल्याने पुन्हा विकणेही दुरापास्त. म्हणून तुलनेत काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. दोन्ही नमुन्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणावा. किंचित मोठा वाजणारा ईअरफोन उगाच चांगला भासतो. वर्षानुवर्षे ऐकलेले, प्रत्येक हरकत पाठ असलेले ध्वनिमुद्रण ऐकावे; दुकानदाराने निवडलेले चमकदार संगीत नव्हे. आणि निर्णय पाच मिनिटांत घेऊ नये. प्रथम चकित करणारी तीक्ष्णता तासाभराने डोके उठवते.

एक मधला मार्गही आहे, आणि त्याची जाहिरात क्वचितच होते. साध्या, चांगल्या ईअरफोनवर चढविण्यासाठी कानाच्या मापाचे सिलिकॉनचे टोपण करून घेता येते. बसण्याचा लाभ त्यात बऱ्याच अंशी मिळतो आणि पुढे ईअरफोन बिघडला तरी मापाचा सारा खर्च बुडतोच असे नाही. ज्यांच्या कानात तयार रबरी वा स्पंजची टोके मुळातच घट्ट बसतात, त्यांना तर याचीही निकड नाही. उलट ज्यांच्या कानांतून प्रत्येक ईअरफोन निसटतो, किंवा ज्यांना रोज रंगमंचावर उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी पूर्ण मापाची जोडी ही चैन नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु पैशापेक्षा मोठी गोष्ट येथे पणाला लागलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत केवळ चार तासांवर येते. एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला टाळता येण्याजोगा धोका आहे, असा इशारा या संघटनेने २०२२ साली दिला. लोकलच्या डब्यात सैल ईअरफोन लावून बसलेला विद्यार्थी गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवतो, तेव्हा रंगमंचावरचे तेच दुष्टचक्र त्याच्या इवल्याशा कानात सुरू झालेले असते. कान नीट बंद करणारा ईअरफोन त्याला यातून सोडवू शकतो, पण आपोआप नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे दिसले की, कानातील मॉनिटर मिळाल्यावरही वादकांनी पसंत केलेली आवाजाची पातळी पूर्वीच्या जवळपासच राहिली. शांतता मिळाली, पण सवय सुटली नाही! अर्थात हीच शांतता रस्ता ओलांडताना घातकही ठरते, याचा विसर पडता कामा नये.

म्हणून निवडीचा क्रम उलटा केला पाहिजे. आधी कान तपासावा, मग कान नीट बंद होतो की नाही ते पाहावे, त्यानंतर ध्वनीची पारख करावी आणि नाममुद्रेचा विचार सर्वांत शेवटी करावा. आवाजाचे बटण खाली आणण्याची तयारी मात्र या सर्वांच्या आधीची. ईअरफोनची जोडी बिघडली तर दुसरी घेता येते. अतिरेकी आवाजाने आतल्या कानातील संवेदनपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या कोणत्याही कारखान्यात मापाने बनवून मिळत नाहीत.