एडिंबराचे वार्तापत्र : गार मोहनाची भाकरी

एडिंबरा, ता. २० जानेवारी

छप्पन्न अंश अक्षांशावर वसलेल्या या नगरीत सध्या सूर्योदय साडेआठच्या सुमारास होतो आणि सव्वाचारला दिवस संपतो. मधल्या आठ तासांतही फोर्थच्या खाडीवरून येणारा वारा उन्हाला ऊब धरू देत नाही, आणि सायंकाळ झाली की काजळलेल्या दगडी इमारतींच्या खिडक्यांवर पडदे ओढून घेऊन सारे शहर आपापल्या घरात मिटून बसते. ही दारे परक्यासाठी कायमचीच बंद आहेत असा माझा गेल्या हिवाळ्यात ग्रह झाला होता. तो ज्या वस्तूने दूर केला, तिचे, म्हणजे बेदाणे घालून घरी भाजलेल्या स्कॉनचे, वर्तमान आज वाचकांस सादर करीत आहे.

स्कॉनचा उल्लेख गॅविन डग्लस या कवीने १५१३ साली पुऱ्या केलेल्या, व्हर्जिलच्या महाकाव्याच्या स्कॉट भाषांतरात सापडतो. त्या काळी सामान्य रयतेचे पोट ओट आणि जव यांवर चाले. त्यांच्या पिठाची जाड गोल भाकरी ‘गर्डल’ नावाच्या लोखंडी तव्यावर भाजून तिचे चार चतकोर करीत. पुढे गव्हाचे पीठ सर्वांच्या आवाक्यात आले, आणि यीस्ट न मानवणाऱ्या आपल्या पत्नीसाठी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. यीस्टला ऊब लागते आणि वेळही. गारठलेल्या स्वयंपाकघरात दोन्हींचा दुष्काळ. ही पूड मात्र भट्टीच्या आचेवर आपले काम मिनिटांत उरकते, आणि त्यामुळे अवचित आलेल्या पाहुण्यासाठी अर्ध्या तासात ताजे पक्वान्न सिद्ध करण्याची सोय या हिमप्रदेशातील गृहिणीस लाभली.

माझ्या घरमालकीणबाईंनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. त्यांचा शिरस्ता ठरलेला : आठ औंस मैद्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ, दोन औंस लोणी, एक औंस साखर, मूठभर बेदाणे आणि पाव पाइंट दूध. करंजीच्या पिठात आपण मोहन कडकडीत घालतो; येथे ते गारठलेले हवे. हात नळाच्या पाण्याखाली धरून, पुसून, केवळ बोटांच्या अग्रांनी त्या लोणी पिठाला चोळतात, कारण तळहाताच्या उष्णतेने लोणी वितळले तर भट्टीत त्याचे कण वितळून, वाफेने फुलून जी पोकळी पिठात निर्माण व्हावयाची, ती होत नाही. मी पहिल्यांदा मदतीस लागलो तेव्हा कणीक तिंबण्याच्या मराठी संस्काराने गोळा चांगला मळून काढला. बाईंनी माझा हात हलकेच बाजूला सारून सांगितले, ‘‘पुरे, आता त्याला राहू द्या.’’ अधिक मळल्याने पिठाला चिवटपणा येतो. इंचभर जाडीची पोळी थापून तिच्यावर गोल साचा सरळ दाबावा, पिळू नये. पिळला तर कडा मिटतात आणि स्कॉन वाकडा फुगतो. दोनशे वीस अंश सेंटिग्रेडच्या आचेत बारा ते पंधरा मिनिटांत माथे सोनेरी होतात.

बेदाण्यांची पुडी पाहून मला तासगाव आठवले, आणि ती आठवण अस्थानी नव्हती. भूमध्य समुद्राच्या बाजूस जिला सुलताना म्हणतात तीच द्राक्षाची जात थॉम्सन सीडलेस या नावाने आपल्या बागाईतदारांना परिचित आहे, आणि तासगावकरांनी निवडून वाढवलेली तास-ए-गणेश ही तिचीच संतती होय.

बाई लोण्याचा कागद कधी फेकीत नाहीत. घडी करून ठेवतात आणि भट्टीचा पत्रा त्यानेच पुसून तुपाळ करतात. १९४० च्या जानेवारीत लोणी आणि साखर यांवर सरकारने शिधापत्रिकेचे नियंत्रण बसविले. लोण्यावरचे ते १९५४ च्या मे महिन्यात उठले. बाईंचे सारे बालपण त्या मुदतीत गेले. पाहुण्यासाठी दोन औंस लोणी खर्ची घालणे म्हणजे काय, हे त्यांनी आईच्या हातांकडे पाहून जाणले आहे.

क्रीम आधी की जॅम आधी, हा डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन इंग्लिश परगण्यांचा जुना तंटा येथे चालत नाही; ऊन ऊन स्कॉन उकलून त्यावर लोणी आणि ब्लेअरगौरीकडच्या रासबेरीचा जॅम लावतात. मात्र हा पदार्थ टिकाऊ नव्हे. सकाळपर्यंत तो कोरडा पडतो, म्हणून भाजल्या दिवशीच वाटून टाकावा लागतो. गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळी बाईंनी चार स्कॉन स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हाती दिले आणि वरच्या मजल्यावर देऊन येण्यास सांगितले. त्या जिन्यावर सहा महिने ज्यांच्याशी माझा मान लवविण्यापलीकडे व्यवहार नव्हता, त्या वृद्ध गृहस्थांच्या दारावर मी थाप मारली. त्यांनी फडक्याची ऊब हाताला लागताच दार पुरते उघडले, आणि चहाचे आधण ठेवण्यासाठी ते आत वळले.