शेवटचें पान

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मुलें केव्हांच जेवून झोंपलेलीं. वडील मंडळींचीं पानें आठाला उरकलेलीं. कचेरींतून उशिरां परतणारांनाही गरम पोळी वाढून झालेली. मग ओटा पुसून, दुधाला विरजण लावून, घरांतील एखादी सूनबाई उरलेला भात व आमटी पुढें ओढते, आणि अर्ध्या तासांत अंथरुणाला पाठ टेंकते. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें दृश्य नित्याचें असेल. जेवणांत काय होतें याची चौकशी आपल्याकडे हौसेनें होते. तें किती वाजतां पोटांत गेलें, हें कोणी विचारीत नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं मात्र नेमका हाच प्रश्न हातीं घेतला आहे.

शरीरांत घड्याळ असतें, ही कल्पना जुनीच. १७२९ सालीं द मेरां नांवाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूचें झाड अंधारांत ठेवून पाहिलें, तों सूर्य न दिसतांही तें ठरल्या वेळीं पानें उघडीत व मिटीत असे. माणसांत हें मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांकडून येणारे तंतू जेथें एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित् वर आहे. सुमारें वीस हजार पेशींचा तो पुंजका प्रकाशावरून आपले कांटे जुळवितो. परंतु यकृत, स्वादुपिंड, चरबी यांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळें आहेत. पेशींतील हें यंत्र कसें चालतें, याचा फळमाशीवर शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तिघां अमेरिकनांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हीं दुय्यम घड्याळें कोणाचें ऐकतात? उंदीर स्वभावतः रात्रीं खाणारा प्राणी. जिनीव्हा येथील संशोधकांनीं त्याला केवळ दिवसाच खावयास दिलें, आणि २००० सालीं त्याचें फलित प्रसिद्ध केलें. यकृताचें घड्याळ बारा तासांपर्यंत फिरलें. मेंदूंतील घड्याळ जागचें हललें नाहीं. म्हणजे एकाच देहांत, डोक्यांत मध्यरात्र आणि यकृतांत भर दुपार!

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, असें कोणी म्हणेल. तर २०१७ सालीं इंग्लंडांतील सरे विद्यापीठाच्या प्रयोगाचें वृत्त आलें. दहा पुरुषांचीं तिन्ही जेवणें पांच तास पुढें ढकलण्यांत आलीं. मेंदूच्या घड्याळाच्या खुणा होत्या तशाच राहिल्या. रक्तांतील साखरेचा रोजचा चढउतार मात्र पांच तासांहून अधिक मागें सरकला, आणि चरबींतील घड्याळही सुमारें तासभर मागें पडलें.

याचा आपल्या भाताशीं काय संबंध? संबंध असा, कीं जो भात सकाळीं खाल्ला असतां रक्तांतील साखर बेतानें वाढते, तोच आणि तितकाच भात रात्रीं खाल्ला असतां ती अधिक चढते आणि उतरावयास अधिक वेळ घेते. रात्र पडूं लागली कीं मेंदूंतून मेलाटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. तें झोंपेची वर्दी देतें, आणि स्वादुपिंडाचा इन्शुलिन सोडण्याचा हातही आंखडतें. दुकानाला कुलूप घालून मुनीम किल्ल्या कमरेला खोंवीत असावा, आणि नेमकें तेव्हांच गिऱ्हाइकानें गोणी दारांत आणून टाकावी, तशी त्या उशिराच्या घांसाची अवस्था होते. बोस्टन येथें २०२२ सालीं सोळा स्थूल व्यक्तींना तेंच अन्न सुमारें चार तास उशिरां दिलें, तेव्हां त्यांची भूक वाढली आणि जागेपणींचा ऊर्जेचा व्यय घटला.

तरी कोणीं हुरळून जाऊं नये. चीनमधील ग्वांगझौ येथें २०२२ सालींच १३९ स्थूल व्यक्तींचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांचाच आहार बेताचा केला होता. त्यांतील अर्ध्यांना केवळ सकाळीं आठ ते दुपारीं चार या वेळांतच खाण्याची मुभा होती. वजनांतील घट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच भरली. वेळ पाळली म्हणून तुपाची वाटी माफ होत नाहीं. आणि हें सारें आपल्या पूर्वजांना आधींच ठाऊक होतें, असें म्हणणारांनीं श्रावणी सोमवार आठवावा. सूर्यास्तापूर्वीं जेवण आटोपणाऱ्या जैन शेजाऱ्यांना तो मान एक वेळ देतां येईल. दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर काढून रात्रीं केळीच्या पानावर पुरतें जेवणाऱ्या आपल्याला नाहीं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना बेचाळिसाव्या वर्षीं मधुमेह निघाला. तो उशिराच्या जेवणानेंच झाला, असें कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाहीं. त्यांच्या माहेरींही तो आहे. परंतु लग्नानंतर सतरा वर्षें या घरांतील शेवटचें पान त्यांचें होतें, हें आम्हांपैकीं कोणाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. खुद्द माझ्याही नाहीं, आणि मीं त्यांच्याच शेजारीं बसून पोळ्या लाटीत होतें. त्यांच्या पथ्याचा कागद फळीवर चिकटविला गेला: साखर वर्ज्य, भात अर्धी वाटी, चालणें रोज. तो पाळला जात होता रात्रीं पावणेअकराला.

आतां आमच्याकडे साडेसातला पहिली पंगत बसते, आणि तींत मामंजींच्या शेजारीं जाऊबाईंचें पान असतें. मागाहून येणारांचें अन्न झांकून ठेवलेलें असतें. ज्यानें त्यानें तें गरम करून घ्यावयाचें आणि ताट विसळून ठेवावयाचें. प्रथम मामंजी दोन दिवस अबोल होते. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषमाणसांनीं गार जेवावें का?" पुढें एके रात्रीं असें उघडकीस आलें, कीं आमच्या धाकट्या भावोजींना, एवढे इंजिनियर असून, मायक्रोवेव्ह लावतां येत नाहीं. आतां येतो.