वांगी रंग म्हणजे नेमका कोणता?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. वांगी रंग म्हणजे कोणता? पुण्या-मुंबईचा मुलगा पटकन सांगेल, जांभळा! आता हाच प्रश्न जळगावच्या मुलीला विचारा. तिच्या घरी भरीत होतं ते फिकट हिरव्या वांग्यांचं. तिच्या डोळ्यांपुढे हिरवा रंग आला, तर तिचं काय चुकलं?

नावाने रंग सांगितला की असा घोटाळा होतो. तुम्ही शाळेच्या प्रदर्शनासाठी रणगाड्याचं किंवा लढाऊ विमानाचं मॉडेल करायला बसलात की तुमचीही गाडी इथेच अडते. 'रणगाडा हिरवा असतो' हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोणता हिरवा? शेवाळी? मेंदी? की बाटलीसारखा?

रंगालाही नंबर असतो

लष्कराला असा घोळ परवडत नाही. एका कारखान्यात बनलेला भाग दुसऱ्या कारखान्यात बनलेल्या गाडीवर बसला, की रंग जुळलाच पाहिजे. म्हणून रंगांचे नमुने ठरवून प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. यालाच रंगाचं मानक म्हणतात. जर्मनीत 'राल' नावाची अशी यादी १९२७ साली अवघ्या ४० रंगांनी सुरू झाली. ब्रिटनची यादी 'बीएस ३८१ सी'. अमेरिकेने १९५६ मध्ये 'फेडरल स्टँडर्ड ५९५' आणलं. त्यातला पाच आकडी नंबर तर चक्क वाचता येतो. ३६११८ घ्या. पहिला आकडा चकाकीचा: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट चकचकीत, ३ म्हणजे बिनचमकीचा. दुसरा आकडा रंगाच्या घराण्याचा: ४ म्हणजे हिरवा, ५ निळा, ६ राखाडी. म्हणजे ३६११८ हा बिनचमकीचा राखाडी! आता ३४०८७ काय असेल, ते तुम्हीच सांगा बरं.

आपल्याकडेही अशी यादी आहे. भारतीय मानक 'आयएस ५'. त्यात २२० नंबरला ऑलिव्ह ग्रीन आहे आणि ६३२ नंबरला डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे, म्हणजे आरमारी गडद राखाडी. ५३८ नंबरचं तर नावच पोस्ट ऑफिस रेड! आपल्या तिरंग्यातला केशरी आणि हिरवा कसा असावा, हेही 'आयएस १' या मानकात ठरवून दिलेलं आहे.

हे सगळं फार दूरचं वाटतंय का? मग रावेरच्या केळीबागांकडे बघा. केळीच्या व्यापारात सालीच्या रंगाचा एक तक्ता वापरतात. १ नंबर म्हणजे पूर्ण हिरवी, ६ म्हणजे पूर्ण पिवळी, ७ म्हणजे पिवळ्यावर तपकिरी ठिपके आलेली. रावेरचा व्यापारी आणि परदेशातला गिऱ्हाईक एकमेकांची भाषा न समजताही '४ नंबर' म्हटल्यावर एकच रंग समजतात. मानकाचा उपयोग तो हाच.

मग अडचण कुठे येते?

मॉडेलचे खास रंग बनवणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. ब्रिटनची हम्ब्रॉल, जपानची तामिया. त्यांच्या इवल्याशा डब्यांवर कंपनीचा स्वतःचा नंबर असतो आणि कोणता डबा कोणत्या मानकाच्या जवळ जातो, याचे तक्ते मिळतात. पण ध्यानात ठेवा, 'जवळचा' म्हणजे 'तोच' नव्हे. शिवाय हे रंग महाग. धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात ते मागितले, तर दुकानदार आपल्याच तोंडाकडे बघेल!

म्हणून काही बिघडत नाही. रंग मिसळून जुळवता येतो. फक्त त्यासाठी डोळ्यांना थोडी शिस्त लावावी लागते. ही शिस्त तुम्ही रोज बघता. आई साडीला फॉल घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये जाते. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली फॉल अगदी जुळलेला दिसतो. तरी दुकानदार स्वतःच म्हणतो, "ताई, बाहेर उजेडात बघून घ्या." का? कारण दोन वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले रंग एका प्रकाशात सारखे दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे. दुकानदाराला हे अनुभवाने ठाऊक असतं.

करून पाहा

ऑलिव्ह ग्रीन बनवायला हिरवी ट्यूब लागतच नाही. यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळ्या रंगात काळा मिसळा. काय झालं? हिरवट झाला ना! पाच भाग पिवळा आणि एक भाग काळा इथून सुरुवात करा. काळा अगदी काडीच्या टोकाने वाढवा. तो फार लवकर चढतो. किती काड्या घातल्या, ते वहीत लिहीत चला. नाहीतर रंग अर्ध्यावर संपला की पुन्हा तोच बनवणं महाकठीण.

पुठ्ठ्याच्या मॉडेलला पोस्टर कलर चालतात. प्लॅस्टिकवर मात्र ते धरत नाहीत, तिथे अ‍ॅक्रिलिक घ्या. आधी प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, म्हणजे त्यावरचा तेलकटपणा जाईल. ऑइल पेंट वापरणार असाल, तर घरातलं मोठं माणूस सोबत हवं आणि खिडकी उघडी हवी.

बनवलेला रंग आधी मॉडेलवर नाही, तर एका पट्टीवर लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. मग राखाडी कार्डाला शेजारी शेजारी दोन छोटी भोकं पाडा. एका भोकाखाली नमुना, दुसऱ्याखाली तुमची पट्टी. आजूबाजूचे रंग झाकले गेले की डोळा फसत नाही. हे सगळं सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत, उघड्या उजेडात करा. नमुना म्हणून छापलेला फोटो किंवा फोनचा पडदा धरू नका. प्रत्येक छपाईत आणि प्रत्येक पडद्यावर रंग बदलतो. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड त्यापेक्षा केव्हाही भरवशाचं.

आणखी एक गंमत. यावल-रावेरहून सातपुडा बघितलाय? जवळ गेलं की झाडं हिरवीगार, लांबून तोच डोंगर निळसर, फिका. १:७२ प्रमाणाचं मॉडेल तुम्ही ३० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरं विमान जवळजवळ २२ मीटरवरून बघता! शिवाय इवल्याशा मॉडेलवर अस्सल रंगही गडद वाटतो. म्हणून पुष्कळ जण शेवटी त्यात चिमूटभर पांढरा मिसळतात. किती मिसळायचा, यावर मॉडेलवाल्यांचे वाद चालतात. तुम्ही तीन पट्ट्या करून ठरवा.

एवढा खटाटोप कशासाठी?

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघालं की वाटेत ओझर लागतं. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानं बनली. पंखांची रुंदी ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ मॉडेलमध्ये जेमतेम १० सेंटिमीटर. १९६३ मध्ये हे विमान आपल्या हवाई दलात आलं. १९६५ च्या युद्धात ते चकचकीत चंदेरी होतं. आकाशातून असं विमान जमिनीवर चटकन दिसतं. १९७१ च्या युद्धापर्यंत त्यावर हिरवे कॅमोफ्लाजचे पट्टे आले होते. पुढे राखाडी रंग आला. विमान एकच, पण अंगरखे तीन! म्हणून रंगवण्याआधी विचारायचं, हे कोणत्या सालचं मिग? साल चुकलं, तर नंबर कितीही बरोबर असला तरी मॉडेल खोटंच.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. १९७१ चं युद्ध गाजवणारी जुनी विमानवाहू नौका विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती तोडायला घेतली. आता तिचा राखाडी रंग जाऊन बघण्याची सोय राहिली नाही. यंत्रं जातात, जुने फोटो तर काळेपांढरेच. मग पुढच्या मुलांना ती कशी दिसायची, हे कोण सांगणार? तुमच्या टेबलावरचं, वहीतल्या नोंदींसकट नीट रंगवलेलं मॉडेल!

तेव्हा पुढच्या वेळी मॉडेलखाली नुसतं 'हिरवा रणगाडा' लिहू नका. कोणता रणगाडा, कोणतं साल, रंग कोणत्या नमुन्याशी जुळवला आणि किती काड्या काळा घातला, तेही लिहा. प्रदर्शन बघायला आलेल्या एखाद्या निवृत्त फौजी काकांना विचारा, "काका, रंग बरोबर जमलाय का?" ते काय सांगतात, तेही वहीत टिपून ठेवा. त्यांनी तो रंग रोज बघितलेला असतो.