क्षणाक्षणाचे भान

'डोळे मिटून बसल्याने पोट भरते काय?' वस्तीत ध्यानाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. देवधर्माच्या नावाखाली ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या फसवणूक झाली, त्यांनी कोणतीही गोष्ट पारखूनच घ्यावी. तर मग ध्यानही पारखून पाहू.

सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारांवर सतत लक्ष ठेवायला सांगितले आहे. त्यात नवस नाही, अंगारा नाही. श्वास आत आला, जाणले. बाहेर गेला, जाणले. गुडघा दुखला तर लगेच पाय न हलवता ते दुखणे पाहायचे. पालीत 'वेदना' म्हणजे नुसते दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक संवेदना म्हणजे वेदना. पाहत राहिले की ती वाढते, बदलते, विरते. अनित्यता मग पुस्तकातला शब्द राहत नाही, ती अंगावर कळते.

याचा संसारात उपयोग काय? प्रतीत्यसमुत्पादात वेदनेपाठोपाठ तृष्णा येते. ही साखळी तुटू शकते ती इथेच. मुकादमाचा अपशब्द मनात घोळवत कामगार घरी येतो. पोराने वहीला पैसे मागितले की त्याचा हात उठतो. पण हात उठण्याआधी कानशिले तापतात, छाती धडधडते. तो क्षण ज्याला ओळखता आला, त्याचा हात थांबतो. गुत्त्याकडे वळणारे पाऊलही तसेच थांबू शकते.

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या दुःखाचा; दुसरा, त्या दुःखावर आपणच चडफडून स्वतःला मारलेला. ध्यानाने दुसरा बाण चुकतो.

मात्र पहिला बाण कोणी माणूस मारत असेल, तर तो निमूट सोसा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले, ते डोळे मिटून नव्हे. अन्यायाशी झगडावेच लागते; पण तो झगडा संतापाने आंधळ्या झालेल्या मनापेक्षा सावध मनाला अधिक साधतो.

यासाठी घर सोडावे लागत नाही. सत्यनारायण गोएंका यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे संसारी गृहस्थ होते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे शुल्क नाही. जुन्या साधकांच्या दानावर खर्च चालतो. पण रोजंदारीवरच्या माणसाला दहा दिवसांचा खाडा परवडत नाही, हेही खरे.

त्याने घरीच प्रारंभ करावा. रात्री वंदना झाली की मुलाबाळांसह दहा मिनिटे शांत बसावे आणि येणारा-जाणारा श्वास पाहावा. मन पळाले तर चिडू नये. पुन्हा श्वासावर आणावे. महिनाभराने घरातली भांडणे कमी झाली का, हे घरधनिणीला विचारावे. खरी पारख तिथेच होईल.