पांच मुलें आणि घाईचा निकाल

अग्नि मनुष्याचें हाडही उरूं देत नाहीं काय, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या अस्थि स्वहस्तें वेंचल्या आहेत त्यांसच आम्ही विचारतों. चिता तासन्‌तास जळते, तरी तिसऱ्या दिवशीं अस्थि मिळतातच. असें असतां अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत, फेएटव्हिल गांवाजवळ, सन १९४५ च्या नाताळच्या रात्रीं एक घर सुमारें पाऊण तासांत जळून कोसळलें, आणि आंत राहिलेल्या पांच मुलांचा देह मिळाला नाहीं! सुमारें ऐंशी वर्षें लोटलीं, तरी ह्या गोष्टीचा उलगडा झालेला नाहीं.

घरधनी जॉर्ज सॉडर हे मूळचे इटलीच्या सार्डिनिया बेटांतले. लहान वयांत परदेशीं येऊन अंगमेहनतीनें त्यांनीं मालमोटारींचा धंदा उभारला होता. दहा मुलांपैकीं एक लष्करांत. बाकीचीं नऊ त्या रात्रीं घरीं होतीं. रात्रीं एकच्या सुमारास आग लागली. आईबाप व चार मुलें बाहेर पडलीं; माडीवर निजलेलीं चौदा, बारा, नऊ, आठ व पांच वर्षांचीं मुलें आलीं नाहींत. बापानें शिडी शोधली, ती जागेवर नव्हती. मालमोटार भिंतीशीं लावून वर चढावें म्हटलें, तर दोन्ही गाड्या सुरू होईनात. शेजाऱ्यांनीं टेलिफोन केला, तो कोणी उचलीना. अडीच मैलांवरचा बंब सकाळीं आठ वाजतां आला. तोंपर्यंत घराची राख झाली होती.

पुढें जें घडलें तें आमच्या मतें आगीहूनही शोचनीय आहे. राखेचा शोध थोडक्या वेळांत आटोपला. पंचांनीं विजेच्या तारांत दोष असल्याचें ठरविलें, आणि ३० डिसेंबर रोजीं पांचही मुलांचे मृत्यूचे दाखले तयार झाले. आग लागल्यावरही घरांतले दिवे जळत होते, असें आईबाप सांगत. टेलिफोनची तार जळालेली नसून कापलेली होती, असें दुरुस्तीस आलेल्या मनुष्यानें सांगितलें. परंतु निकाल आधीं लागला आणि प्रश्न मागाहून उठले! बापाच्या हातूनही चूक झाली. जागा तशीच ठेवा असें त्यास सांगितलें होतें. पण तें दृश्य असह्य होऊन त्यानें कांहीं दिवसांतच तीवर पांच फूट माती लोटली. शोकाकुल बापास दोष कोण देईल? त्या जागेवर पहारा ठेवणें सरकारचें काम होतें.

सन १९४९ मध्यें ती जागा पुन्हां खणली असतां मणक्याचीं कांहीं हाडें निघालीं. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या तज्ज्ञांनीं तीं माणसाचीं ठरविलीं. परंतु तीं बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या व्यक्तीचीं असून आगीची आंच त्यांस लागलेली नव्हती. इतक्या अल्पकाळच्या आगींत पांच सांगाडे मिळावयास हवे होते, असेंही त्यांचें मत पडलें. मुलें पळविलीं गेलीं असें आईबाप मरेपर्यंत मानीत राहिले. उलटपक्षीं, राख सकाळपर्यंत धुमसत होती व शोध अपुरा झाला, म्हणून हाडें नजरेंतून सुटलीं, असें म्हणणारेही आहेत. ह्यांत खरें कोणतें, हें आज सांगतां येत नाहीं. आणि तें सांगतां न येण्याचें मोठें कारण म्हणजे त्या पहिल्या आठवड्यांतील हयगय.

सॉडर दांपत्यानें मुलांचीं छायाचित्रें असलेला मोठा फलक सडकेच्या कडेस उभारला व बक्षीस लाविलें. बाप सन १९६९ मध्यें वारला. आई सन १९८९ मध्यें. तोंवर तो फलक उभाच होता.

वाचकहो, मृत्यूचा दाखला हा केवळ कागद नव्हे. मेलेल्यांविषयीं समाजानें जिवंतांस दिलेलें तें उत्तर आहे. तें चौकशीवांचून दिलें तर घरच्यांनीं शोक करावा कीं वाट पाहावी? शोकास कधीं तरी उतार पडतो; संशयास पडत नाहीं. ज्या नगराचा बंब सात तासांनीं पोंचतो आणि ज्याचा पंचनामा सहा दिवसांत मिटतो, त्या नगरानें कर पुरेपूर घेऊनही आपलें कर्तव्य केलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. आपल्या गांवचा बंब किती वेळांत येतो, आणि जळल्या घरावर पहारा कोण ठेवतो, हें प्रत्येकानें आपल्या नगरसभेस आजच विचारावें. आग लागल्यावर विचारून उपयोग नाहीं.